दुसऱ्याचा शब्द

बिंदुसरा धरणाच्या तळाला भेगा पडल्या त्या उन्हाळ्यात पालीच्या माळावर दूध संघानं जनावरांची छावणी उघडली. बांबू रोवून वर हिरवी जाळी ताणली आणि आसपासच्या गावांची गुरं तिथं दावणीला लागली. सकाळी उसाचे वाढे आणि पेंड यायची, दुपारी पाण्याचा टँकर. माणसंही गुरांजवळच राहायची. बायडाबाई आपल्या लाल कंधारी गाई घेऊन आली होती. गुरं राखण्यातच तिचा जन्म गेला होता. सोबत तिचा एकुलता मुलगा सुग्रीव.

सुग्रीव छावणीत कमी आणि सुंदररावांच्या मागं जास्त असायचा. सुंदरराव दूध संघाचे चेअरमन, आणि यंदा निवडणुकीला उभे. एकदा त्यांनी चारचौघांत सुग्रीवच्या खांद्यावर हात ठेवला होता. त्या दिवसापासून सुग्रीव बोलताना "आमचे साहेब" म्हणायला लागला.

मतदान जवळ आलं तशी छावणीत कुजबुज सुरू झाली, की निवडणूक झाली की छावणी उठणार. गुरांचे व्यापारी टेम्पो घेऊन फिरायला लागले. अजून जनावरांच्या अंगावर मांस होतं, भावही बरा मिळत होता. लोक दोन मनांत होते.

सुंदररावांनी सुग्रीवला बोलावून गाडीत शेजारी बसवलं.

"लोकांना जाऊन सांग. पाऊस पडेपर्यंत छावणी हलत नाही. हा माझा शब्द आहे."

"साहेब, तुमीच येऊन बोला की. लई बरं वाटंल लोकांना."

"आचारसंहिता आहे रे. मी बोललो की लगेच तक्रार होते. तू बोललास म्हणजे मीच बोललो."

सुग्रीव छावणीत परतला तो छाती काढूनच. पोरगी उजवल्यापासून एकटी राहणाऱ्या गीताबाईची बैलजोडी तेव्हा व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढलेली होती. सुग्रीवनं फळी पाडली आणि बैल स्वतःच्या हातानं खाली उतरवले.

"मावशे, इकू नको. पाऊस पडेस्तोवर छावणी हाय. साहेबांचा शब्द हाय."

बद्रीनाथ नावाचा एक शेतकरी पुढं आला. "तू कोण बे शब्द देणारा? साहेब कावून येत न्हाई हितं?"

"पावसाच्या आदी छावणी उठली, तर ह्याच खुंट्याला मला बांदा. वाळला पाला चारा."

लोक हसले, पण मोकळे झाले. गीताबाईनं बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि व्यापाऱ्याला परत पाठवलं. मग दुसऱ्यांनीही व्यापाऱ्यांना वाटेला लावलं. रात्री भाकरी वाढताना बायडाबाईनं विचारलं, "तुला एकट्यालाच बोलले का रे?"

"माय, एवढ्या लोकांत मलाच बोलावलं, हे का कमी हाय?"

सुंदरराव मोठ्या फरकानं निवडून आले. छावणीवर गुलालाची गाडी येऊन गेली. गुरं ढोलताशाला बुजली, लोक नाचले, सुग्रीव सगळ्यांत जास्त नाचला. दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. त्यानंतर चाराही आला नाही. संघाची माणसं आली ती जाळी सोडून न्यायला.

सुग्रीव बीडला संघाच्या कार्यालयात गेला. बाकावर बसून त्याची सकाळ गेली. बंगल्यावर गेला, तर फाटकावरच्या माणसानं साहेब मुंबईला गेल्याचं सांगितलं. आत साहेबांची गाडी उभी होती. सुग्रीवनं ती पाहिली आणि परत फिरला.

छावणीत त्या दुपारी गीताबाईचा एक बैल बसला तो उठलाच नाही. ती त्याच्या तोंडात ओंजळीनं पाणी घालत होती, ते बाहेरच सांडत होतं. बैल मेला तेव्हा ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "सुग्रीव कुटं हाय?"

तो येताना दिसताच बद्रीनाथनं आणि चौघाजणांनी त्याला धरलं. कासऱ्यानं हात मागं आवळले आणि मेलेल्या बैलाच्या खुंट्याला बांधलं. उघड्या उन्हात. आधी त्याला वाटलं, थट्टा आहे. मग बद्रीनाथनं दावं आखूड केलं, तसा तो गुडघ्यावर आला.

"साहेबाला सांगतो मी. उद्या जातो. देवाशपथ जातो."

"खा," गीताबाई म्हणाली. तिनं वाळल्या पाल्याची मूठ त्याच्या तोंडात कोंबली. तो ठसकला, ओठ फाटून रक्त आलं. तिनं दुसरी मूठ भरली. आजूबाजूला माणसं उभी होती. कुणी हसत नव्हतं, कुणी सोडवतही नव्हतं. बायडाबाई एकेकाच्या पाया पडत फिरली. बद्रीनाथ तिला म्हणाला, "म्हातारे, बाजूला हो. शब्दाला जागतोय त्यो."

ही बातमी सुंदररावांपर्यंत गेली. पत्रकार तिथं पोचायच्या आत ते स्वतः आले. पांढऱ्या गाड्यांची रांग माळावर थांबली. सुग्रीवनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत केवढी आशा आली!

"साहेब, सांगा ह्यांना. तुमीच म्हणलं होतं."

सुंदररावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते लोकांशी बोलले. "मी छावणीबद्दल असा शब्द दिला? कुठल्या सभेत? कुणी ऐकला, पुढं या."

कुणी पुढं आलं नाही. ऐकलं होतं सगळ्यांनी, पण सुग्रीवच्या तोंडून.

मग ते बायडाबाईकडे वळले. हात जोडून, वाकून. "माय, तुम्ही तर याची आई. खोटं बोलणार नाही. तुम्हाला म्हणालो का मी?"

बायडाबाई मुलाकडे बघत राहिली. "मला न्हाई म्हणलं. पर त्येला—"

"झालं," सुंदरराव म्हणाले. "ऐका. जन्म दिलेली आईच सांगतेय. माझ्या नावावर असले लोक गावोगाव शब्द वाटत फिरतात. बदनामी मात्र माझी होते. असो. मी कलेक्टर साहेबांशी बोलतो. चार दिवसांत छावणी परत सुरू. आता मी स्वतः तुमच्यासमोर बोलतोय ना?"

आधी एकानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. कुणीतरी गुलालाच्या दिवशीचा सुकलेला हार शोधून आणला. बद्रीनाथनंच तो सुंदररावांच्या गळ्यात घातला.

गाड्या गेल्या. सुग्रीवला सोडायचं कुणाला सुचलं नाही. गाठ आवळून बसली होती, ती बायडाबाईनं दातांनी सोडली.

"माय, हो म्हणायचं होतंस," तो म्हणाला.

"खोटं कसं बोलू रे? सगळे माज्याकडंच बघत व्हते."

त्याच्या हाताला वळ उठले होते, ते चोळत तो बसला.

चार दिवस गेले, पुढचे आठही गेले. छावणी सुरू झाली नाही. गुरांच्या बरगड्या मोजता याव्यात अशा झाल्यावर व्यापारी परत आले. आता भाव ते सांगतील तो होता. लोकांनी मुकाट्यानं दावी सोडली. गुरं फळीवर चढेनात, त्यांच्या पायांत जोरच नव्हता.

बद्रीनाथनं सुग्रीवला हाक मारली. "उतरवायला आलतास न्हवं? आता चढव. समद्यांची."

सुग्रीव गेला. ढुंगणाला खांदा लावून एकेक जनावर वर ढकलू लागला. गीताबाईनं उरलेल्या बैलाचं दावं त्याच्या हातात दिलं आणि मागं वळूनही पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याचा सदरा शेणानं भरला. शेवटी बायडाबाईच्या गाई राहिल्या. तिनं स्वतः एकही सोडली नाही, पदरात तोंड घालून बाजूला बसली.

बाकीच्या गाई ढकलाव्या लागल्या. थोरली मात्र वासरू असल्यापासून सुग्रीवनं हातानं चारलेली होती. त्यानं दावं धरलं तशी ती हुंगत, त्याच्या मागोमाग आपली आपण फळी चढून गेली.