भिंतीतला फणस

माझ्या भावांनी वाटणी केली तेव्हा आंबा सोपा गेला. फांदी ज्याच्या बाजूला, आंबा त्याचा. पपई एकाला, पेरू दुसऱ्याला. घोडं अडलं फणसापाशी. फणस लागतो बुंध्याला आणि बुंधा नेमका हद्दीवर. मग या शहाण्यांनी दोन्हीकडून भिंत आणून बुंध्याला भिडवली आणि ठरवलं, काढायचा कोणीच नाही. ज्याच्या बाजूला पडेल त्याचा.

आई दादाकडे खाटेवर पडून. खिडकीतून तिला झाड दिसायचं. जेवण सुटल्यातच जमा होतं. मला म्हणाली, "पोरी, मी लावलेल्या झाडाचा एक गरा तोंडात पडू दे. मग खुशाल न्या मला."

बाजारातून आणला, तर तिनं तोंड फिरवलं.

झाडावरच्या फणसावर थाप मारली. बद्द आवाज. पिकलाच होता. मी कोयता उचलला आणि एकमेकांचं तोंडही न बघणारे माझे भाऊ भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एका सुरात ओरडले, "हात लावायचा नाही!"

"अरे, आईला एक गरा हवाय."

"आज गरा मागतेस ताई, उद्या वाटा मागशील," धाकटा म्हणाला. पलीकडून दादानं मान डोलावली. केवढं ते बंधुप्रेम!

फणस झाडावरच सडला. घाण वास आईच्या उशीपर्यंत आला. माश्या तिच्या ओठांवर बसायच्या, मी हाकलत बसायची. आणि हे दोघे नाकाला रुमाल लावून वर बघत उभे, कुठल्या बाजूला झुकतोय म्हणून. धाकट्यानं तर खाली गोणपाट अंथरलं होतं.

शेवटी पडला तो थेट भिंतीवर. फुटला. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. काळा, लिबलिबीत गर भिंतीवरून ओघळत होता आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

तरी दोघे ताटल्या भरून आईकडे धावले. लाडका कोण, हे ठरायचं होतं ना!

"आई, हा घे, बरा आहे," दादा म्हणाला.

"त्याच्यात अळ्या आहेत, माझा घे," धाकटा म्हणाला.

आईनं दोन्ही ताटल्यांत बघितलं. "वाटणी अगदी बरोबर झाली की रे. बसा. खा माझ्यासमोर."

"आई, हे कसं खायचं?"

"मला भरवायला आणलंत ना?"

वाटलं, आता तरी लाजतील. दादा धाकट्याला म्हणाला, "आधी तू खा."

मी कोयता घेऊन बाहेर पडले. वर अजून एक फणस होता, भरलेला पण हिरवा. कोणाला न विचारता काढला. चिकानं हात बरबटले. दोघे ताटल्या धरून बघत राहिले.

फणस आईच्या खाटेखाली सरकवलाय. आता तो पिकेपर्यंत तिनं टिकायला हवं.