ग्रामितोनच्या टाचेचं जर्मन औषध

ग्रामितोन प्याला घेऊन उभा राहिला की पंगत गप्प व्हायची. तिबिलिसीच्या त्या आळीत लग्न असो, नामकरण असो की मेलेल्या कुणाचा चाळिसावा दिवस, तमादा म्हणून बोलावणं त्यालाच. तमादानं उभं राहायचं आणि देवापासून मेलेल्यांपर्यंत एकेकाच्या नावानं असं बोलायचं, की ऐकणाऱ्याला आधी रडू यावं आणि मग तहान लागावी. हे काम बसून होत नाही. म्हणून डॉक्टर अवतांदिल यांनी जेव्हा सांगितलं, की साखरेच्या आजारानं चिघळलेली डाव्या टाचेची जखम हाडापर्यंत पोचली आहे, पाय घोट्याच्या वरून काढावा लागेल, तेव्हा ग्रामितोननं जगेन का मरेन हे विचारलंच नाही. "मग मी उभा कसा राहू?" एवढंच तो म्हणाला.

शेजारी त्याची बायको लामारा उभी होती. तिला मात्र जगेल का मरेल हेच विचारायचं होतं.

लामाराची एकतीस वर्षं एकाच प्रयोगशाळेत गेली होती. मत्क्वारी नदीच्या काठावरच्या त्या इमारतीत फाज तयार होतात. फाज म्हणजे जंतूंना मारणारे विषाणू. माणसाला ते काही करत नाहीत, त्यांचं वैर फक्त जंतूंशी, आणि तेही प्रत्येकाचं आपापल्या ठरलेल्या जंतूशी. जिथं जंतू भरपूर तिथंच त्यांचा हा काळही राहतो. म्हणून फाज शोधायचे तर नदीच्या घाण वळणावर, नाल्याच्या तोंडाशी जावं लागतं. तिथलं पाणी आणायचं, गाळायचं, तपासायचं, पुन्हा गाळायचं. शेवटी जे हाती येतं ते झऱ्याच्या पाण्याहून निर्मळ असतं. पण लोकांना शेवट कुठे आठवतो, सुरुवात तेवढी लक्षात राहते.

ग्रामितोनला तर ती फारच लक्षात होती. पंगतीत तो बायकोची ओळख करून द्यायचा, "बाकीच्यांच्या बायका बाजारातून भाजी आणतात, माझी गटारातून औषध आणते." सगळे हसत. पहिली दहा वर्षं लामाराही हसली. पुढची दहा नुसती ओठ ताणून होती. त्यानंतर ती पावाची टोपली पुढे सरकवायला लागली.

त्याचा विश्वास होता तो जर्मनीवर. धाकटा भाऊ झाउरी श्टुटगार्टला पावांची गाडी चालवायचा आणि दर सहा महिन्यांनी अँटिबायोटिकच्या गोळ्यांचं पुडकं धाडायचा. ग्रामितोन शिंक आली की दोन गोळ्या घ्यायचा, बरं वाटलं की उरलेल्या शेजाऱ्यांना वाटायचा. उदार माणूस. त्याच्या औदार्यानं टाचेतले जंतू इतके पोसले गेले, की डॉक्टरांनी अकरा अँटिबायोटिकं लावून पाहिली आणि अकराच्या अकरा नापास झाली.

डॉक्टर अवतांदिल यांनी लामाराला बाहेर बोलावलं. म्हणाले, "लामाराबाई, तुमच्याकडे काही असेल तर पंधरा दिवस देतो. त्यापुढे थांबलो तर विष वर चढेल, आणि मग पायाचा प्रश्नच उरणार नाही."

प्रयोगशाळेतले तयार फाज चालले नाहीत. मग लामारा स्वतः डॉक्टर अवतांदिल यांच्याच इस्पितळाच्या मागच्या नाल्याशी जाऊन बसली. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, गुडघेदुखीसकट. काचेच्या ताटलीत ग्रामितोनच्या टाचेतल्या जंतूंची साय धरायची, तिच्यावर गाळलेल्या पाण्याचे थेंब टाकायचे आणि वाट पाहायची, असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी सायीत स्वच्छ गोल खिडक्या पडल्या. तिथले जंतू मेले होते. लामाराला इतका आनंद झाला, की प्रयोगशाळेच्या प्रमुख मेदेयाबाईंना दाखवण्याआधी ती ताटली तिनं दोन मिनिटं एकटीनंच पाहिली.

ग्रामितोननं बरेच आढेवेढे घेतले. गटार पायाला लावू, वर गटार पिऊ, असं कुठे झालंय का, म्हणाला. पण पाय जाणार हे ऐकून माणूस नरम पडतो. सकाळी कामावर जाण्याआधी लामारा जखमेत फाज सोडून पट्टी बांधायची, संध्याकाळी पुन्हा. वर पिण्यासाठी एक कुपी, ती खनिज पाण्याबरोबर. चार दिवस गेले आणि टाच होती तशीच राहिली, उलट वासच वाढला.

लामाराला काही कळेना. तिनं जखमेतले जंतू पुन्हा नेऊन ताटलीत घातले, वर तोच फाज टाकला. पटापट मेले. ताटलीत मरणारा जंतू टाचेवर का मरत नाही? एकतीस वर्षांचं शिक्षण तिनं मनातल्या मनात उलटसुलट करून पाहिलं. शेवटी आठव्या दिवशी तिला पट्टीतच काही चुकतंय असं वाटलं आणि ती भर दुपारी घरी आली.

स्वयंपाकघरात ग्रामितोन खुर्चीत बसला होता. पट्टी सोडलेली, पाय परातीत. समोर बुटक्या स्टुलावर शेजारचा वालिको, जो तरुणपणी लष्करात मलमपट्टी करायचा, तो जखमेवर चाचाची धार धरून बसला होता. चाचा म्हणजे द्राक्षांच्या चोथ्याची घरची दारू, आणि वालिकोची चाचा अशी, की कोट भिजला तर रंग जावा.

"हे काय चाललंय?" लामारानं विचारलं.

"शुद्धीकरण," ग्रामितोन म्हणाला. जरासुद्धा ओशाळला नाही. "तू ते गटारातलं लावून जातेस. मी माणूस आहे बाई, नाला नाही. निर्जंतुक करायला नको?"

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पण पिण्याचं औषध मी नेमानं पितो हं. पाठोपाठ एक पेला, तुझ्या नावानं."

"खरंय वहिनी," वालिको म्हणाला. "रोज तुमच्या नावानं. एक दिवस चुकला नाही."

औषध घाणीतलं म्हणून औषधच धुऊन काढणारा माणूस जगात आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही. पण आमच्याकडे चाचानं काय धूत नाहीत? पडसं, दुःख, दाराची कडी, सगळं. लामारा ओरडली नाही. तिनं त्याला समजावलं, की फाज म्हणजे दगडमाती नव्हे, त्यांच्यावर दारू पडली की ते मरतात, तू रोज माझं औषध मारतो आहेस.

"चाचानं मरतं ते औषध कसलं?" ग्रामितोन म्हणाला. "चाचानं मी नाही मेलो."

लामारा जिन्यात जाऊन बसली आणि रडली. दुःखानं नव्हे, संतापानं. सात दिवस उरले होते. उद्या ओरडून, शपथा घालून चाचा बंद केली असती, तरी आपण कामावर गेलो की हा पुन्हा पट्टी सोडणार, हे ती लग्नाच्या वर्षांच्या हिशेबानं ओळखून होती. ग्रामितोन माणूस वाईट नव्हता. तिच्या आईच्या आजारपणात त्यानं सासूला पाठीवर घेऊन चार मजले चढवले होते. पण बायकोच्या हातचं औषध म्हटलं की त्याचं डोकं बंद व्हायचं. ते उघडत बसायला वेळ नव्हता. तिनं डोळे पुसले आणि झाउरीला फोन लावला.

"भावोजी," ती म्हणाली, "तुमचा भाऊ माझं ऐकत नाही, जर्मनीचं ऐकतो. आता तुम्हीच जर्मनी व्हा."

झाउरी झाला. दुसऱ्याच दिवशी त्यानं ग्रामितोनला फोन करून सांगितलं, की नवीन औषध निघालंय, अजून दुकानातही आलेलं नाही, ओळखीच्या डॉक्टरच्या हातापाया पडून मिळवलंय आणि बसच्या ड्रायव्हरबरोबर धाडलंय, उद्या पोचेल. एक मात्र पाळायचं. दारूचा थेंब बाहेरून लागला किंवा आतून गेला तर हे औषध विष होतं, तसं लाल अक्षरात लिहिलंय. थापा मारताना झाउरीला इतका हुरूप आला, की जेवण्याच्या वेळासुद्धा त्यानंच ठरवून दिल्या.

बाटलीसाठी प्रयोगशाळेत धुंडाळाधुंडाळ झाली. मेदेयाबाई म्हणाल्या, "आपल्या औषधावर परक्याचं नाव? लामारा, हे मी पाहिलेलं नाही." आणि त्यांनी लेबल चिकटवायला खणातून डिंकाची बाटली काढून दिली. लेबल हातांच्या जर्मन क्रीमचं होतं. ग्रामितोनला जर्मन वाचता येत नव्हतं, पण आदर होता.

तेच फाज, तीच टाच, बाटली मात्र निराळी. ग्रामितोन घड्याळ समोर ठेवून बसू लागला. वालिकोला दारातूनच परत पाठवलं जाई. लामाराला पट्टी बदलायला दोन मिनिटं उशीर झाला की तो चिडायचा, "जर्मन औषध आहे, लामारा. तुमच्यासारखं नाही, केव्हाही फासलं." लामारा हो म्हणायची. दारू बंद झाल्यानं साखरही उतरली, त्याचंही श्रेय जर्मनीला गेलं.

पंधराव्या दिवशी डॉक्टर अवतांदिल यांनी पट्टी सोडली. वास नव्हता. कडा लाल, ताज्या, जिवंत. लामारानं त्यांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ते खाली मान घालून जखम जरुरीपेक्षा जास्त वेळ न्याहाळत राहिले.

"काय डॉक्टर, आहे की नाही जर्मनी?" ग्रामितोननं विचारलं.

"असं औषध बाहेर कुठे मिळत नाही," डॉक्टर म्हणाले. खोटं ते बोलले नाहीत.

शस्त्रक्रिया रद्द झाली. दोन महिन्यांत जखम भरली. भरली की खरं सांगून टाकायचं असं लामारानं ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. पण डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की साखरेचा पाय आहे, पुन्हा कधीही उघडेल, औषध हाताशी ठेवा. म्हणजे पुन्हा पट्टी, पुन्हा वालिको, पुन्हा परात. पाय हवा तर तोंड बंद ठेवायला हवं. तिनं ते वाक्य गिळलं. फार कडू लागलं तिला.

ऑक्टोबरात नवी वाइन आली तेव्हा ग्रामितोननं पायाची मेजवानी दिली. तीस माणसं, अंगणभर टेबलं, अक्रोडाच्या रश्शातली कोंबडी, चीज भरलेल्या खाचापुरीच्या चळती. डॉक्टर आले, मेदेयाबाई आल्या, वालिको तर सकाळपासून होता. ग्रामितोन काठी न घेता दोन्ही पायांवर उभा राहिला. देवाच्या नावानं प्याला झाला, शांततेच्या, गेलेल्यांच्या, मुलाबाळांच्या नावानं झाला. मग त्यानं आवाज खाली आणला. म्हणाला, दूर देशात कुणी एक माणूस आपल्यासाठी राबला. त्यानं आपल्याला पाहिलं नाही, आपण त्याला पाहिलं नाही, पण त्याच्यामुळे आज मी आईच्या मातीवर दोन पायांनी उभा आहे. बायका डोळे पुसू लागल्या. तेव्हा त्यानं प्याला लामाराकडे वळवला.

"अलावेर्दी माझ्या बायकोला. ती त्याच धंद्यातली आहे, तिला ठाऊक असेल हे किती अवघड असतं."

अलावेर्दी मिळाली की नाही म्हणता येत नाही. तमादानं जे सुरू केलं ते उभं राहून पुढे न्यायचंच. लामारा उठली. मेदेयाबाईंनी ताटात पाहिलं. लामारानं प्याला दोन्ही हातांत धरला.

"हे औषध ज्या बाईनं केलं तिला मी ओळखते," ती म्हणाली. "हो, बाईच आहे. माझ्याच वयाची. घरी येते तेव्हा नवरा तिला कोट बाहेर काढून ठेवायला लावतो. ती हातांची सालटी निघेतो हात धुते, तरी तो तिच्या हातचा पाव उलटून बघतो. औषध जमलं त्या दिवशी घरी जाऊन कुणाला तरी सांगावं असं तिला फार वाटलं होतं. सांगितलं नाही. तो हसला असता. बाटलीवर तिचं नाव नाही, आणि ते यायचंही नाही. नवरा जगला, एवढं तिला पुरे आहे. नाही, खोटं बोलले. पुरे नाही. पण जगला ह्याचा तिला फार आनंद झालाय. मी तिच्या नावानं पिते."

डॉक्टर अवतांदिल चष्मा पुसत होते. ग्रामितोनचे गाल ओले झाले होते. तो टेबलाला वळसा घालून, जराही न लंगडता, तिच्याजवळ आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांकडे वळला.

"एकतीस वर्षं मी पंगतीत बोलतोय," तो म्हणाला, "पण असं मला कधी जमलं नाही. त्या बाईच्या नावानं, मित्रांनो. आणि तिचा तो नवरा, त्याला तिकडे कुणी काही बोलत कसं नाही? असले नवरे जर्मनीतच निपजायचे. आपल्याकडे असता तर मी त्याला ह्या टेबलाला बसू दिलं नसतं."

आणि त्यानं प्याला तळापर्यंत रिकामा केला.