मी पाटी आणि ती कंपासपेटी

मी एक पाटी बोलतेय. दगडी पाटी, सागवानी चौकटीची. हल्ली पत्र्याच्या अन् पुठ्ठ्याच्याही पाट्या मिळतात आणि त्यांनाही लोक पाटीच म्हणतात. म्हणोत बापडे! माझा एक कोपरा फुटलाय, त्याची मला लाज नाही. लाज वाटते ती दुसऱ्याच एका गोष्टीची, आणि तीच आज सांगून टाकते.

माझे पहिले धनी सिताराम. ते परभणीला शिकले तेव्हा निजामाचा अंमल होता आणि शाळा उर्दू. त्यामुळे माझ्या एका अंगावर उजवीकडून डावीकडं अलिफ-बे चालायचं आणि घरी आल्यावर दुसऱ्या अंगावर डावीकडून उजवीकडं अ-आ-इ. मला दोन्हींची सवय झाली. पुढं सिताराम मास्तर झाले. राज्य बदललं, शाळा मराठी झाल्या, तेही मराठीतून शिकवू लागले. पण गुणाकाराला त्यांच्या तोंडून ‘जरब’च निघायचं आणि भागाकाराला ‘तकसीम’. काही सवयी पेन्शनीत निघत नाहीत, माणसाबरोबरच जातात.

बायको वारल्यावर मास्तर झरीजवळच्या खेड्यात लेकीकडं, पंचफुलाकडं राहायला आले. जावई लिंबाजी गवंडीकाम करायचे. मास्तरांच्या ट्रंकेतून मी बाहेर निघाले आणि थेट नातीच्या, विशाखाच्या मांडीवर गेले. तिनं माझ्यावर पहिला एक काढला तो असा आडवा, की मास्तर म्हणाले, “ह्यो एक निजला हाय का गं?”

ती सात वर्षं माझी होती. पाढे, पावकी, निमकी, अपूर्णांक, सगळं माझ्याच अंगावर झालं. ती थुंकी लावून मला पुसायची आणि मास्तर ओरडायचे, “थुंकीनं पुसू नको, इल्म हाय त्यो!” इल्म म्हणजे विद्या. मग ती ओल्या फडक्यानं पुसायची. त्या फडक्याचा गारवा मला अजून आठवतो.

गावातली शाळा सातवीला संपली. आठवीला ती शेजारच्या मोठ्या गावी चालत जाऊ लागली. महिना-दीड महिना गेली असेल, तोच विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल उसळली. पलीकडच्या एका गावात आमच्यासारख्यांचीच वस्ती जळाली. लिंबाजींनी लेकीचं दप्तर खुंटीला अडकवलं.

“त्या वाटंनं एकटी पोर जायची न्हाई. शिकायचं आसंल तर घरात शिक.”

“मग घरातच शिकंल,” मास्तर म्हणाले. “सतरा नंबरचा फॉर्म भरू अन् भाईरून धाव्वीला बसवू.”

“अन् गणित, मामा? भाईरून बसणारे सगळे तिथंच आपटतात. दिवाळीपस्तोर बघतो. गणित जमलं तर शिकू दे. न्हाई तर सेलूचं स्थळ आलंय, त्येला हो म्हणतो.”

विशाखा चुलीमागं उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मास्तरांनी गणिताची तरतीब लावायला घेतली. तरतीब म्हणजे क्रम, कशानंतर काय ते. सिमेंटच्या गोणीचा खाकी कागद फाडून त्यांनी त्यावर चार खाने आखले, तीन वर्षांचं गणित त्यात बसवलं आणि कागद खळीनं भिंतीला चिकटवला. मी समोरच्या कोनाड्यात होते. एका खान्यात होतं: अपूर्णांक, गुणोत्तर, पाटीवर, दोन महिने. पुढच्यात बीजगणित, वहीवर. तिसऱ्यात भूमिती आणि चौथ्यात त्रिकोणमिती, दोन्हीकडं कंपासपेटी. तीन वर्षांतले माझ्या वाट्याला आले दोन महिने! बाकी सगळा कारभार वहीच्या आणि त्या कंपासपेटीच्या हाती.

आणि ती आलीच. लिंबाजींनी परभणीहून दहावीपर्यंतची जुनी पुस्तकं आणली, त्यांच्यासोबत ही नवी कोरी, पिवळी, चकचकीत. उघडताना टक्‌ करायची. आत कर्कटक, कोनमापक, गुण्या, नाकं वर करून निजलेले. विशाखा तिला उशाशी घेऊन झोपायची. मला कधी घेतलं होतं का उशाशी? खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट झाला.

त्याच आठवड्यात मास्तर मोतीबिंदू काढायला हैदराबादला भाच्याकडं निघाले. जाताना म्हणाले, “अव्वल, पयल्या खान्यापासून सुरू कर. वळीनं जा, एक बी खाना सोडू नको.”

विशाखानं मान डोलावली, कागदासमोर उभी राहिली आणि डावीकडच्या खान्यावर बोट ठेवलं. त्रिकोणमिती.

मला तिथंच कळलं. मास्तरांनी अक्षरं मराठीत लिहिली होती, पण खाने आखले होते लहानपणच्या हातानं, उजवीकडून. त्यांचा अव्वल खाना उजव्या टोकाला होता, आणि तो माझा होता. पाटीला बोलता येत नाही हे खरं. पण बोलता आलं असतं तरी मी बोलले नसते. मनात म्हटलं, जा, घे तुझी ती पिवळी सवत, बघू किती दिवे लावते.

काही लावले नाहीत. आठवी न झालेली पोर दहावीचं पुस्तक उघडून बसली. साइन, कोसाइन, थीटा. त्रिकोण काढायची, कोन मोजायची, पुस्तकातलं उतरवून घ्यायची आणि पुढची ओळ कुठून आली ते काही केल्या कळायचं नाही.

“आगं, आधी सोपं कर की,” पंचफुला म्हणायची.

“आजानं वळीनं जा म्हणलंय. सोपं उजळणीला शेवटी ठिवलंय त्यांनी.”

केवढा तो विश्वास! दीड महिना ती त्या एका खान्यावर डोकं आपटत राहिली. कंपासपेटीचं झाकण आता रागानं आपटलं जाई आणि प्रत्येक आपटण्याला मी खूश होई. मग एका सकाळी तिनं पेटी भिंतीवर फेकली.

“मला न्हाई येत, आई. माझं डोस्कंच न्हाई गणिताचं.”

लिंबाजी दारात थापी धूत होते. ते रागावले नाहीत, हेच वाईट झालं. हळूच म्हणाले, “ऱ्हाऊ दे, बाई. समद्यांलाच येतं आसं न्हाई. सेलूला निरोप धाडतो.”

तेव्हा माझा आनंद जागच्या जागी विरला. सासरी जाणारी पोर पाटी नेत नाही. सवतीचं नाक कापायच्या नादात मी माझीच पोर घालवत होते, आणि मला सगळं ठाऊक होतं.

निरोप जायच्या आत मास्तर परतले. डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात काठी. बसल्या बसल्या विचारलं, “कुठवर आलीस?”

“पयल्याच खान्यात अडकलेय, आजा.” ती रडायला लागली.

“पयल्या? आगं, पयला खाना तर तुला निजंत येतो!”

“न्हाई येत. बापू सेलूला निरोप धाडायलेत.”

मास्तरांनी भिंतीकडं तोंड वळवलं. भिंतीवरचा कागद त्यांना दिसत नव्हता. त्यांनी हात पुढं केला. “पाटी आण. तरतीब पुन्यांदा काढून दावतो.”

मी त्यांच्या मांडीवर गेले. किती वर्षांनी! त्यांनी माझी चौकट चाचपली आणि पेन्सिल टेकवली ती उजव्या टोकाला. पहिला खाना तिथं आखला, त्याच्या डावीकडं दुसरा.

विशाखाचं रडणं थांबलं. “आजा, तुमी उजवीकडून काढायलात?”

“मग कुठून काढायचं?” म्हणाले आणि त्यांचा हात थबकला. मग ते कपाळाला हात लावून म्हणाले, “लिंबाजी, निरोप धाडू नगा. पोर न्हाई चुकली, म्या चुकलो.”

तिनं अपूर्णांक पंधरा दिवसांत संपवले. माझे दोन महिनेही पुरे मिळाले नाहीत! बीजगणित दिवाळीच्या आत हाती लागलं, फॉर्म भरला गेला, आणि एक्क्याऐंशीच्या मार्चात ती बाहेरून दहावीला बसली. गणितात दीडशेपैकी एकशे अठरा. मास्तरांनी तो आकडा तिच्याकडून माझ्यावर लिहून घेतला आणि आठ दिवस कुणाला पुसू दिला नाही. ते गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आज विशाखा गणिताची बाई आहे. भिंतीवर काचेत तिची पदवी टांगलीय, तिच्यावर विद्यापीठाचं जुनं नाव. यंदाच्या संक्रांतीला नामांतर झालं तेव्हा लिंबाजींनी वस्तीत साखर वाटली. लोक येतात, मान वर करून पदवी बघतात, माझ्याकडं कुणी बघत नाही. होय, तिचाही मला हेवा वाटतो. स्वभाव का कुठं जातो?

पण सतरा नंबर भरणाऱ्या पोरी दारात आल्या की विशाखा मला खाली काढते. तुमच्याकडंही कुणी पोर शिकायला बसली, तर नुसती तरतीब देऊ नका, पहिल्या खान्यावर तिचं बोट धरून ठेवा. मला जे सांगता आलं नाही, ते तुम्हाला सांगता येतं. विशाखा तेच करते. पुस्तक उघडायच्या आधी माझ्यावर एक लांब बाण काढते आणि म्हणते, “हितून सुरू करायचं, अन् हिकडं जायचं.”

आणि बाण काढायला कंपासपेटी लागत नाही.