भाग दुसरा

अल्लीपूरच्या वाचनालयात नावाजलेल्या लेखकांची पुस्तकं मला कपाटात कधी सापडलीच नाहीत. ती आधीच कोणाच्या तरी घरी गेलेली असायची आणि तिथेच म्हातारी व्हायची. किराणा दुकानातून दुपारी उसंत मिळाली की मी जायची. तोवर उरायची ती पदरमोड करून छापलेली पुस्तकं. आधी लेखकाचा फेटा बांधलेला फोटो, मग कुठल्याशा सभापतींची प्रस्तावना, मग चुकांनी भरलेला मजकूर. सुरुवातीला मी ती नाइलाजाने वाचली. पुढे मला तीच आवडू लागली. त्यांतली माणसं आमच्यासारखी बोलायची आणि आमच्यासारखीच थकायची.

त्यातच गिरडच्या हरिदासरावांची कादंबरी हाती लागली. भाग पहिला. मैना नावाची बाई. सासर वाईट नाही, नवरा मारत नाही, फक्त तिला कोणी काही विचारत नाही. एका दुपारी ती पिशवीत दोन लुगडी भरून बसस्टँडवर जाऊन बसते. नागपूरची गाडी येताना दिसते आणि पुस्तक संपतं.

मी चिडलेच. चढली की नाही, एवढं तरी सांगावं माणसाने! दुकान आणि चूल करून माझाही जीव विटला होता. बाई अशी उठून जाऊ शकते का, हे मला विचारायचं होतं, आणि विचारावं असं मैनेशिवाय कोणी नव्हतं.

दुसरा भाग काही आला नाही. ग्रंथपाल म्हणाले, "वहिनी, पहिलाच तुमच्याशिवाय कोणी नेला नाई." शेवटी घरी यांना गिरडच्या दर्ग्याला जाते म्हणून सांगितलं आणि हरिदासरावांचं घर गाठलं.

हरिदासराव अंगणातल्या वांग्यांना पाणी देत होते. माझ्या हातात पुस्तक पाहून म्हणाले, "वापस कराले आणलं का?"

"नाई. दुसरा भाग कुठं हाय?"

"लिवलाच नाई."

"काऊन? मैना गाडीत बसली का नाई?"

"मले मालूम नाई." त्यांनी परसाकडे नजर टाकली आणि आवाज उतरवला. "मी बाजारातून येऊन राह्यलो होतो. आमची मंडळी स्टँडवर बसलेली दिसली, पिशवी घेऊन. मी हाक नाई मारली. हॉटेलात चहा पेत बसलो. दिवेलागणीले घरी आलो, तं सैपाक तयार. मी इचारलं नाई, तिनं सांगितलं नाई. आता पुढं काय लिवू?"

मला कीव यायला हवी होती, आला संताप. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. या गृहस्थाने तर वळसाही घातला नव्हता.

मी सरळ परसात गेले. त्यांची बायको, शालूबाई, मेथी निवडत होती. मीही समोर बसून चार काड्या हातात घेतल्या.

"तुम्ही वाचलं का यांचं पुस्तक?"

"वाचलं ना. घरातच गठ्ठे पडले हायेत."

"मंग त्या दिवशी काय झालतं?"

तिने हातातली काडी खाली ठेवली. मग म्हणाली, "गाडी भरून आलती. पाय ठेवाले जागा नव्हती. दुसरीची वाट पाहून राह्यली होती, तं गाईच्या धारेची वेळ झाली. आली वापस."

"अन् जागा असती तं?"

"गेली असती ना." तिने जुडी झटकली. "पुस्तक छापलं तवा वाटलं, आता तरी इचारतीन."

मी निघाले, तर हरिदासराव फाटकापाशी उभेच होते. हळूच म्हणाले, "काय म्हणे?"

"तिलेच इचारा. घरातच हाय."

"आता या वयात काय इचारू, बाई?"

"मंग पहिला भाग छापाले नव्हता पाह्यजे," मी म्हणाले आणि चालू लागले.

अल्लीपूरला परतायला हिंगणघाटची गाडी धरायची होती, स्टँडवर तिला वेळ होता. आधी नागपूरची आली, जवळजवळ रिकामी. कंडक्टरने दार उघडून विचारलं, "चालता का, बाई?"

मी नाही म्हणाले. घरी स्वयंपाक व्हायचा होता.