वेगनाथबाबांचा दोरा

केडगावात स्टेशनामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. वेगनाथबाबांचा दरबार! पुढ्यात समई, समईशेजारी कॉम्प्युटर आणि त्यापुढं डोळ्यांवर पट्टी बांधलेला चेला विनोद. बाबांनी त्याच्या बोटांना लाल दोरा गुंडाळला, झोळीतली नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी त्याच्या कपाळाला लावली आणि गरजले, "बोटात वारं घालतोय! सर्व्हर डाऊन होऊ दे न्हाईतर लाईट जाऊ दे, वारं थांबायचं न्हाई!"

विनोदनं बोट टेकवलं मात्र, पडद्यावर मालाची अख्खी पावती भरली. नाव, गाव, गाडीचा नंबर, सगळं. भराभर हात जोडले गेले. लाईट गेल्यावर पडदा कसा दिसणार, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

मर्सी मॅडम मात्र कपाळाला हात लावून बसल्या होत्या. गावातला कॉम्प्युटर क्लास त्यांचा. त्यांची सगळ्यात चलाख विद्यार्थिनी सीमा शेजारीच होती, दाही बोटांना दोरा घट्ट बांधून. ती कारखान्यात पावत्या भरायची. तिथले साहेब जयसिंगराव हाच खेळ बघून भाळले आणि त्यांनी फर्मान काढलं: विनोदच्या वेगानं पावती भरा, न्हाईतर घरी बसा. उद्या सीमाची चाचणी. आणि बाबांचा हुकूम असा, की चाचणीपर्यंत कळांना हात लावायचा नाही, वारं सांडतं!

"सोड गं तो दोरा. बोटं बघ कशी आखडलीत."

"नगं मॅडम. नोकरी गेली तर आईनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

मर्सी मॅडमना चीड आली. सराईत माणसाला एखाद्या कामाला किती वेळ लागेल, हे त्या आधीच सांगत. कळ दाबायला इवलासा वेळ. हात उचलून माऊसवर न्यायला त्याहून जास्त. पुढं काय करायचं हे मनाशी ठरवायला सगळ्यात जास्त. करा बेरीज! हात कितीही तरबेज असो, या बेरजेच्या खाली जाणार नाही. विनोदचा वेळ तर त्याखाली पार पाताळात गेला होता. त्याचा हात माऊसकडं गेलाच नव्हता आणि बोटही एकदाच टेकलं होतं.

त्या ताडकन उठल्या. "बाबा, आता माझी चिठ्ठी कपाळाला लावा. भागुबाई, राहणार पाबळ."

बाबा चाचरले, पण लोकच ओरडले, "व्हय व्हय, लावा की!" विनोदनं बोट टेकवलं. पडद्यावर उमटलं तेच मघाचं, बबनराव, वढू बुद्रुक.

"अगंबाई, भागुबाईचे बबनराव झाले!" मॅडमनी तीच कळ स्वतः दाबली. ना दोरा, ना मंतर, पुन्हा बबनराव हजर. "पावती आधीच भरून या एका कळीला जोडून ठेवलीय. यात वारं कसलं आलंय?"

मग बाबा कडाडले, "शंकेखोर नजर पडली, वारं फिरलं!"

"तुमचा देव येगळा मॅडम," मागून कुणीतरी म्हणालं, "तुमाला न्हाई कळायचं."

"माझी हन्नामावशीपण दोरा बांधून बसलीय तिकडं. फसायला धर्म आडवा येत नाही!"

लोक हसले आणि पुन्हा दोऱ्याच्या रांगेत उभे राहिले.

मॅडमनी पुढच्या खुर्चीवरच्या जयसिंगरावांना गाठलं. "बघितलंत ना साहेब? आता तरी तो वेग रद्द करा."

"पटलं वो. पण आकडा वरच्या हापिसात गेलाय आन् मंजूरबी झालाय. आता कमी कोणत्या तोंडानं करू? माझीच खुर्ची जाईल."

मॅडमनी कात्रीनं सीमाचा दोरा कापला. बोटं पांढरीफटक पडली होती. रात्रभर त्या ती चोळत बसल्या.

दुसऱ्या दिवशी सीमा चाचणीत मागं पडली आणि घरी बसली. बोटं आखडली होती हे खरंच, पण ती मोकळी असती तरी काय होणार होतं? तो वेग कुठल्याच माणसाच्या हातचा नव्हता.

बाबांनो, चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी करणाऱ्याच्या हाताकडं बघा. आपली चिठ्ठी पुढं करा. आणि असला वेग कुणी तुमच्याकडं मागितला, तर त्याला म्हणा, "साहेब, आधी तुम्ही बसा या खुर्चीत." आकडा वरच्या हापिसात जायच्या आधी जयसिंगरावांना हे एकानं जरी म्हटलं असतं, तर सीमा आज कामावर असती.