टाकीचे झाकण

त्या सकाळी युसेबियाच्या घरात पुन्हा तेच चालले होते. नात नेलिदाला जुलाब. पोर चालायला लागून कितीतरी दिवस झाले होते, पण कडेवर घेतली तर मांजराच्या पिलासारखी हलकी लागायची. पुन्हा असे झाले तर हे अंग तग धरणार नाही, असे नर्सबाईने बजावले होते.

तेवढ्यात नळाला क्लोरीनचा भपकारा आला. आज पाणी तपासणारे साहेब येणार, हे आमच्या डोंगरावरच्या पुकापाता गावात सगळ्यांना कळले. एरवी टाकीत कोणी औषध टाकत नसे. सुपाची चव जाते, मक्याची आंबवलेली दारू, चिचा, बिघडते, अशी घरोघर कुरकुर असे. म्हणून पाणी समितीचा अध्यक्ष तेओदोमिरो फक्त तपासणीच्या दिवशी टाकीच्या हवेच्या नळीतून औषध ओतून यायचा. बायका त्याला ‘साहेबांचं अत्तर’ म्हणत आणि हसत.

ग्लिसेरियो साहेब चौकातल्या नळाचे पाणी काचेच्या नळीत घेत, त्यात तपासणीचे थेंब टाकत. क्लोरीन सापडून पाणी गुलाबी झाले की शेरा देत, पिण्यास योग्य. मग चुलीमागे पाळलेला, खरपूस भाजलेला कुय, म्हणजे गिनीपिग, सोबत बटाटे, आणि परतीची गाडी. टाकी चढावर होती. तिथवर सरकार कधी चढलेच नाही.

टाकी येण्याआधीचे दिवस आम्हा म्हाताऱ्यांना अजून आठवतात. पावसाच्या तोंडावर अख्खा गाव ढोल-बासऱ्या घेऊन झऱ्यावर जायचा आणि गुडघाभर चिखलात उतरून पाट खरवडायचा. काम संपले की पाण्याचा कारभारी सगळ्यांदेखत पहिला पेला प्यायचा. तोवर कोणी ओठ ओले करत नसे. पुढे पाणी सरकारच्या टाकीत गेले आणि आम्ही फावडी माळ्यावर टाकली.

त्या दिवशी साहेब नुकतेच जेवायला लागले होते. युसेबिया आली, पाठीला शालीत बांधलेली नेलिदा, हातात कारभाऱ्याचा तोच जुना लाकडी पेला.

“इंजिनियर साहेब, आधी वर टाकीवर चला,” ती म्हणाली.

“मावशी, त्यांना कशाला त्रास? पाणी पास झालंय,” तेओदोमिरो म्हणाला.

“पास झालेलंच पाणी पिते माझी नात. मग तिच्या गालावर का नाही येत ते गुलाबी?”

साहेबांनी एकदा पोरीकडे पाहिले आणि घास ताटात ठेवला. ते उठले, तसा चौकही मागे निघाला.

कुलूप गंजले होते, दगडाने तोडावे लागले. झाकण उचलताच असा घाण भपकारा आला की पुढची माणसे मागे सरली. भिंतींवर शेंबडासारखा हिरवा थर. कुजकी पिसे. मधोमध एक फुगलेला उंदीर, केस झडलेला, सावकाश फिरत होता. आणि त्या सगळ्यावर सकाळच्या औषधाचा पांढरा फेस.

युसेबियाने पेला बुडवला आणि तेओदोमिरोसमोर धरला. “पाण्याचा कारभारी तू. पहिला पेला तुझा.”

त्याने तोंड फिरवले.

“मग तुम्ही घ्या, साहेब. योग्य म्हणून सही तुमची आहे.”

ग्लिसेरियो साहेब बाजूच्या दगडाशी वाकले. खाल्लेले सगळे बाहेर पडले.

युसेबियाचा आवाज चढला नाही. “तुम्हाला नुसतं बघवत नाही, ते ही पोर रोज पिते. आणि आपण बायका अत्तर म्हणून हसतो. मीही हसले.”

तोंड पुसून साहेबांनी सगळ्यांसमोर शेरा खोडला आणि अयोग्य असे लिहिले. वरचे मला जाब विचारतील, विचारू देत, म्हणाले. तालुक्याहून टँकर मागवला. यापुढे न सांगता येईन आणि आधी टाकी उघडेन, असा शब्द दिला. माळ्यावरची फावडी खाली आली. टाकीत पहिला उतरला तेओदोमिरो.

टाकी घासून झाली, औषध मापाने पडू लागले. पहिला पेला त्यानेच घेतला आणि तोंड वाकडे केले.

“वाईट लागतं?”

“लागतं, मावशी.”

“सवय कर. चिचेलाही होईल.”

तिच्या पाठीवर नेलिदा शालीतून हात बाहेर काढून पेला मागत होती. आता तिच्या अंगावर मूठभर मांस दिसते.

मंडळी, औषधाचा वास आला की पाणी स्वच्छ झाले असे आपणच समजतो, आणि तपासणाऱ्याला जेवू घालून खालूनच परत पाठवतो. पाणी तपासणे हे सरकारचे काम आहेच. पण त्याला झाकणापर्यंत नेणे हे आपले काम आहे. आणि जो पाण्याला योग्य म्हणेल, त्याने आधी आपल्यासमोर ते प्यावे.