तो अजून पंख वाळवायला आला नाही

"मासे पळत नसतील, एकाच जागी तडफडत असतील, तर तिथे बुडी मारू नये गं," असं एक म्हातारा पाणकावळा मला सांगत असे. मी मान वेळावून हसायचे. आयता घास कोण सोडतं? माझ्या जोडीदारालाही मी ते हसूनच सांगितलं.

मित्रांनो, मी तिरंदाज जातीची पक्षीण आहे. बोईसरहून नवापूरला जाताना एक तळं लागतं. त्यात अर्ध्या बुडालेल्या बाभळीवर माझं घरटं आहे. पोहताना माझं अंग पाण्याखाली असतं आणि लांब मान तेवढी वर दिसते, म्हणून पोरं 'साप, साप!' ओरडतात. मिटल्या चोचीनं मी मासा भोसकते, वर उडवते आणि डोक्याकडून गिळते. माझी पिसं मात्र पाणी पितात. म्हणून पोहणं झालं की पंख पसरून उन्हात बसावं लागतं. तेव्हा लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. "काय ऐटीत बसलाय बघ!" म्हणायचे. ऐट कसली, ओले कपडे वाळत घातलेले असतात!

यंदा आम्हाला तीन पिल्लं झाली. पांढरी, मऊ, सदा भुकेली. माझ्या घशात डोकं खुपसून घास शोधतात. माझी नजर त्यांच्यावरून हलत नाही. धाकट्यानं मान का टाकली? थोरली आज ओरडत का नाही? त्यांचा बाप आणि मी पाळीपाळीनं मासे आणतो.

पलीकडच्या काठाला गावातल्या भाग्येशनं नायलॉनचं जाळं लावलंय. वर रिकाम्या बाटल्या तरंगतात. परवा मासळीची पाटी धुता धुता साखरबाईनं त्याला हटकलं.

"काय रे, जालं काडनार हायस, का तितंच संसार मांडलास?"

"काडतो गं मावशी. कंपनीत डबल ड्युटी हाय. रविवारी काडतो."

"तवर मासं सडतील ना, मेल्या!"

"सडू दे. तुझ्या पाटीत थोडंच घालतोय!"

दोघंही हसली. भाग्येश तसा वाईट नाही. डब्यातला उरलेला भात तो माशांना टाकतो. जाळं लावायला त्याला वेळ सापडतो, काढायला सापडत नाही, एवढंच.

आज सकाळी आमच्या बाजूला मासे मिळेनात, म्हणून पिल्लांचा बाप पलीकडे गेला. थोड्या वेळानं बाटल्या जोरात हलल्या. मग थांबल्या. मी हाका मारल्या, मारतच राहिले. आता ऊन उतरलं, तरी तो पंख वाळवायला वर आलेला नाही. मी जाऊन बघितलं असतं, पण शेजारच्या फांदीवर कावळा टपून बसलाय. मी उडाले, की तो घरट्यात उतरेल. धाकटा तर आता चोचही उघडत नाही.

मित्रांनो, कुणा मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि त्या बाटल्यांपाशी जा. तुम्ही पाण्यात उतरू नका. तो अडकला असेल तर जाळं ओढू देऊ नका, धागे कापायला सांगा. डोळ्यांवर कापड टाकलं, की तो घाबरणार नाही. यातलं काहीच जमलं नाही, तर काठावरून नुसती टाळी वाजवा. जिवंत असेल तर तो मान वर करील. तेवढं तरी बघून या. उजेड आहे तोवर जा.